आवाजाची आवक-जावक

माझ्या कथेचा नायक नवव्या पानावर ओरडतो. निदान तो ओरडतो असं मी तरी लिहिलं होतं. एका वार्षिक अंकाच्या संपादकबाईंनी कथा परत पाठवली, तेव्हा नेमक्या त्या ओळीखाली शिसपेन्सिलीने तीनच शब्द लिहिलेले होते: "ऐकू आलं नाही."

मी लगेच फोन केला. लगेच म्हणजे घरात अकरा फेऱ्या मारून झाल्यावर.

"बाई, 'चालता हो, असे तो अतिशय मोठ्या आवाजात ओरडून म्हणाला' असं मी स्वच्छ लिहिलंय. आणखी काय लिहायचं माणसाने?"

"तो मोठ्याने ओरडला हे तुम्ही सांगताय हो. तो स्वतः कुठे ओरडतोय? तो तुमच्याकडे अर्ज देतोय असं वाटतं. बाकी कथा बरी आहे. महिनाअखेरपर्यंत त्याला ओरडायला लावा, मी छापते."

'अर्ज' हा शब्द मला फार लागला. कारण मी सव्वीस वर्षं एका कचेरीच्या आवक-जावक विभागात आहे. माझ्या हातून जाणारा प्रत्येक कागद 'सविनय' ने सुरू होतो आणि 'कळावे' ने संपतो. मधे कोणी ओरडत नाही. कोणाचा पाणीपुरवठा तोडायचा असला तरी तो आम्ही सविनय तोडतो. शिवाय माझा स्वतःचा आवाजही तसाच. बसमध्ये 'उतरायचंय' असं मी म्हटलं की पुढच्या थांब्यावरून मागे चालत येण्याची मला सवय आहे.

नाद सोडून द्यावा, तर तीही सोय नव्हती. कथा छापून येणार हे मी इमारतीत सगळ्यांना सांगून बसलो होतो. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांना तर दाढ काढताना सांगितलं होतं, तोंडात त्यांचा हात असताना. इतक्या अडचणीतून दिलेली बातमी मागे घेणं माझ्या स्वभावात नाही.

मी आधी टायपिंगवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी ती ओळ पडद्यावर घेतली, 'चालता हो' पुढे एक उद्गारचिन्ह टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणखी एक," मी म्हणालो.

त्यांनी आणखी एक टाकलं. मग तिसरं. चौथ्याला त्या म्हणाल्या, "काका, आता कुंपण घातल्यासारखं दिसतंय."

मग अक्षर ठळक करून पाहिलं. नायक ओरडल्याऐवजी जाड झाल्यासारखा वाटला. मग अक्षर मोठं केलं. इंग्रजीवाल्यांचं बरं असतं, त्यांच्याकडे मोठी अक्षरं वेगळी ठेवलेलीच असतात. आपलं प्रत्येक अक्षर आधीच डोक्यावर रेघ घेऊन येतं, त्याला आणखी मोठं ते किती करणार? कथेच्या मधोमध दुकानाची पाटी लावल्यासारखं दिसू लागलं. शेवटी बाईंनी स्वर लांबवण्याची ती नागमोडी चिन्हं टाकायला सुरुवात केली. पाच झाली, दहा झाली, मला काही थांबा म्हणवेना. परिणाम असा झाला की 'चालताऽऽऽ' एवढं नवव्या पानाच्या तळाशी राहिलं आणि नायक दहाव्या पानावर जाऊन वाक्य पुरं करू लागला. एवढा वेळ मिळाल्यावर समोरचा माणूस कशाला घाबरेल?

"तुम्ही ते घरी मोठ्याने म्हणून बघा," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हालाच कळेल." त्यांना दुकान बंद करायचं होतं हे मला नंतर कळलं.

घरी येऊन मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि दाराकडे हात करून म्हणालो, "चालता हो!" असं मी सहा-सात वेळा म्हणालो. मग लक्षात आलं की दार उघडं आहे आणि दारात विजेचा मीटर बघायला आलेला माणूस उभा आहे.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला. "झालं की आकडा घेतो आणि जातो."

त्याला राग आला असता तर मला किती आनंद झाला असता! बायको आतून म्हणाली, "अहो, कोणाशी एवढं अदबीने बोलताय?"

मी अन्नपाणी सोडलं नाही एवढंच. पायांना मात्र स्वस्थता म्हणून नव्हती. जिन्यात येरझारा घालताना पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भेटले. त्यांना सगळा प्रकार सांगितला. हेडमास्तरांना कोणी प्रश्न विचारला की ते आधी डोळे मिटून घेतात.

"चिन्हं ही भाषेची कुबडी आहे," ते डोळे मिटूनच म्हणाले. "निरीक्षण करा. माणसं ओरडतात तेव्हा नक्की काय म्हणतात, ते जसंच्या तसं टिपून ठेवा."

हा सल्ला मला पटला, कारण त्यात नोंदवही होती. नोंदवहीचं नाव काढलं की मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं. मी त्याच संध्याकाळी पुठ्ठ्याच्या तपकिरी कव्हराची वही काढली आणि रकाने आखले. दिनांक, वेळ, मजला, ओरडणाऱ्याचे वर्णन, मूळ शब्द, आवाजाची पातळी, शेरा. पातळी एक ते चार उद्गारचिन्हांत द्यायची. हातात चपलेचा पट्टा धरून मी जिन्यात बसू लागलो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की चप्पल दुरुस्त करतोय. दहा दिवस एकच चप्पल दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल लोकांना काय वाटतं, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

माल मात्र भरपूर मिळाला. आमची इमारत इतकी ओरडते हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. 'सकाळी ६.२०, तळमजला, रखवालदार: पाणी आलंऽऽ (चार).' 'दुपारी ४.१०, दुसरा मजला, शिवणवर्गवाल्या बाई, मुलास: अभ्यास कोण करणार, मी? (दोन).' आणि सगळ्यांत वरची नोंद तिसऱ्या मजल्यावरच्या फोरमनकाकांकडची. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, काकू सत्तरीच्या. दोघांचं भांडण सकाळी खिडकीवरून सुरू व्हायचं. काकांना ती उघडी हवी, काकूंना बंद. तिथून ते नळ, वर्तमानपत्राची घडी, औषधाच्या गोळ्या अशा मार्गाने संध्याकाळपर्यंत चालायचं. मी त्यांना सरसकट चार-चार चिन्हं दिली आणि शेऱ्यात लिहिलं, 'उत्कृष्ट. आदर्श नमुना.'

आता झालेली चूक सांगतो. ही चूक फक्त आवक-जावकवालाच करू शकतो.

मी आमच्या सोसायटीचा सहसचिव आहे. पाण्याची टाकी धुणार, वर्गणी भरा, जिन्यात सायकली ठेवू नका, असल्या सूचना मी सूचनावहीत लिहितो. रखवालदार ती वही घरोघर फिरवतो आणि प्रत्येक घर 'वाचले' असं लिहून सही करतं. त्या गुरुवारी टाकी धुण्याची सूचना लिहून मी वही रखवालदाराच्या हाती दिली. सूचनावहीही नोंदवहीसारखीच तपकिरी पुठ्ठ्याची. तिच्यावरही माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. माझ्या टेबलावरून योग्य कागद योग्य माणसाकडे जातो, ही सव्वीस वर्षांची ख्याती असल्यामुळे मी उघडून पाहिलं नाही.

एरवी सूचनावही परत यायला नऊ दिवस लागतात. ही दीड दिवसात आली. चौदाच्या चौदा घरांच्या सह्या होत्या, आणि सगळ्यांनी ती खरोखरच वाचली होती.

दंतवैद्यांनी समासात लिहिलं होतं, 'पेशंटला आ करा म्हणणे हे ओरडणे नव्हे.' शिवणवर्गवाल्या बाईंनी विचारलं होतं, 'मला दोन आणि समोरच्यांना तीन, हे कोणत्या आधारावर?' हेडमास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दहापैकी सहा गुण दिले होते. तिसऱ्या मजल्याच्या रकान्यात शेरा नव्हता, फक्त काकांची सही, आणि तिच्याखाली काकूंची, बारीक अक्षरात. त्या घराला सहीची गरज एकच असते.

मला वाटलं, आता लोक येऊन ओरडतील. मी तयारीने बसलो, वहीसुद्धा नवी काढून ठेवली. कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रखवालदार ओरडला नाही. तो एकेका दाराशी जाऊन कुजबुजला, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो पाणी गेलं. मी साबण लावलेल्या अवस्थेत अर्धा तास उभा होतो. शिवणवर्गवाल्या बाई खाली खेळणाऱ्या मुलाला वर बोलवायला स्वतः दोन जिने उतरून जाऊ लागल्या. दंतवैद्य पेशंटला आ करा हे खुणेने सांगू लागले. माझी चाहूल लागली की जिन्यातली माणसं बोलायची थांबायची. इमारतीत इतकी शांतता झाली की मला झोपेतून दचकून जाग यायला लागली.

चार दिवसांनी बायको तिसऱ्या मजल्यावरून खाली आली ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काकू बहिणीकडे राहायला चालल्यात. रविवारी सकाळी दहाला. परत यायचं काही ठरवलेलं नाही म्हणे."

"का? काय झालं?"

"तुमची वही झाली. अहो, पस्तीस वर्षं यंत्रांत काढून काकांचे कान गेलेत. मोठ्याने बोललं तरच त्यांना ऐकू जातं. काकू ओरडत होत्या ते काय भांडायला? गोळी घेतलीत का विचारत होत्या! आता तुम्ही वहीत मांडल्यापासून त्यांना लाज वाटते. हळू बोलतात. काकांना ऐकू येत नाही. काकांना वाटतं, ही माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणून ते रुसलेत. आणि काकूंना वाटतं, हे उत्तरच देत नाहीत. चार दिवस घरात शब्द नाही."

मी वही उघडली. 'गोळी घेतलीत काऽऽ?' खरंच लिहिलेलं होतं. त्याच्यापुढे चार चिन्हं होती.

"मग मी जाऊन काकांना समजावून सांगतो."

"सांगून आले मी. ते म्हणाले, मला सगळं ऐकू येतं. कान गेलेत हे ते मानतच नाहीत. तुम्ही त्या दोघांचं भांडण परत सुरू करून द्या. कसं ते मला माहीत नाही. बंद तुम्ही पाडलंत."

अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार माझ्या रकान्यांमुळे मोडायची वेळ आली होती. कथा, अंक, महिनाअखेर सगळं डोक्यातून गेलं. मी आधी कायदेशीर मार्गाने गेलो, कारण मला दुसरा ठाऊक नाही. सेक्रेटरींना म्हणालो, ती वही फाडून टाकू, सगळ्यांसमोर, म्हणजे लोक मोकळे होतील.

"फाडता येणार नाही," सेक्रेटरी म्हणाले. "चौदा सह्या झाल्या. आता ते संस्थेचं दप्तर आहे. रद्द करायला ठराव लागेल."

तातडीची सभा शनिवारी संध्याकाळी गच्चीवर भरली. फोरमनकाका आणि काकू दोघंही आले आणि दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले. आमच्या सभेत एरवी कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. त्या दिवशी सेक्रेटरींच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. त्यांनी ठराव वाचला आणि म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं. नियमाप्रमाणे आवाजी मतदान आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले बऱ्याच जणांचे. आवाज कोणाचाही निघाला नाही. मीही 'होय' म्हणालो, पण माझ्या 'होय' ची हकीकत वर आलेलीच आहे.

"एकही मत ऐकू आलं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "ठराव नामंजूर. सभा शांततेत पार पडली, असं इतिवृत्तात लिहा."

तेही मलाच लिहावं लागलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. माझ्याकडे शेवटचा उपाय होता. माझ्याच नोंदीप्रमाणे सतरापैकी अकरा भांडणं खिडकीवरून सुरू झाली होती. मी आत गेलो, माफी मागितली, ती काकांना ऐकू आली नाही, आणि बोलता बोलता जाऊन खिडकी सताड उघडली. काकूंनी खिडकीकडे पाहिलं. मी बंद केली. काकांनी खिडकीकडे पाहिलं. मी पुन्हा उघडली. असं पाच वेळा केलं. शेवटी काका अतिशय सभ्यपणे म्हणाले, "आपल्याला गरम होतंय का?" हा माणूस मला अठरा वर्षं 'अरे चष्मेवाल्या' म्हणत आला होता. मला रडू यायचं बाकी राहिलं.

दहाला दहा मिनिटं असताना काकू निघाल्या. हातात मोठी निळी बॅग होती. मी बॅग घ्यायला पुढे झालो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. एका बाजूला पार वाकून, एकेक पायरी मोजत त्या उतरू लागल्या. अर्ध्या जिन्यात थांबल्या. मग आणखी उतरल्या, दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. काका वर दारात उभे होते, कठड्याला घट्ट धरून. काहीच बोलत नव्हते. मी त्या दोघांच्या मधे कधी चार पायऱ्या वर, कधी चार पायऱ्या खाली करत होतो. बायको आमच्या दारातून माझ्याकडे बघत होती. खाली रिक्षा येऊन उभी राहिल्याचा आवाज आला. काकू पहिल्या मजल्यावर पोचल्या आणि पुन्हा थांबल्या.

तेव्हा माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. माझ्या हातून बिघडलेली गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत जिना उतरत होती आणि हा माणूस नुसता उभा होता. मी काकांकडे वळलो आणि म्हणालो,

"दगडासारखे उभे काय राहिलात? थांब म्हणा की तिला!"

'म्हणालो' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. बाकीचं सांगतो त्यावरून काय ते समजा. रखवालदाराने धावत जाऊन पंप बंद केला. हेडमास्तरांनी डोळे उघडले. दंतवैद्यांचा पेशंट तोंडात कापूस घेऊन जिन्यात आला आणि त्याच्या मागोमाग दंतवैद्य आले. बायकोच्या हातातली चाळणी खाली पडून घरंगळत गेली, ती कोणी उचलली नाही. चौदाही दारं उघडी होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडीलधाऱ्या माणसाशी मी असं बोललो होतो.

काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी खालून आवाज आला.

"कोण बोललं ते?"

काकू कठड्यावरून वर बघत होत्या.

"त्यांच्यावर ओरडायचं काम नाही कोणी! सांगून ठेवते! त्यांच्यावर ओरडायला मी आहे!"

हे काकांना ऐकू गेलं.

"आहेस तर निघालीस कुठे?" ते वरून गरजले.

"तुम्ही थांब म्हणालात?"

"तू बोलायची बंद झालीस! मी कोणाला थांब म्हणू, कठड्याला?"

"मी बोलत होते! रोज बोलत होते! तुम्हाला ऐकू येत नाही!"

"मला सगळं ऐकू येतं!"

"गोळी घेतलीत का? आठवडाभर विचारतेय! घेतलीत का?"

काकांनी खिसा चाचपून पाहिला. मग म्हणाले, "नाही घेतली."

"बघा! बघा हो सगळ्यांनी!" काकू बॅग तिथेच टाकून तरातरा जिना चढू लागल्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या बाईला दोन मजले उतरायला दहा मिनिटं लागली होती, ती दोन मिनिटांत वर पोचली. येताना वाटेत मला कोपराने बाजूला सारलं. मग तिसऱ्या मजल्यावर जे काही सुरू झालं ते दार लावल्यावरही तळमजल्यापर्यंत येत होतं. खिडकी आली, नळ आला, वर्तमानपत्राची घडी आली. दुसऱ्या मजल्यावरून शिवणवर्गवाल्या बाई मुलावर ओरडल्या. रखवालदार रिक्षावाल्याला ओरडून म्हणाला, जा बाबा, कोणी येत नाही. मी जिन्यातच बसलो. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. कथा द्यायची तारीख आदल्याच दिवशी उलटून गेली होती आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही.

"बसलात काय?" बायको म्हणाली. "काकूंची बॅग वर नेऊन द्या. खाली पडलीय."

मी पहिल्या मजल्यावर गेलो. एवढी मोठी बॅग म्हणून दोन्ही हात लावले, कंबर सांभाळली आणि जोर केला. बॅग एकदम माझ्या छातीपर्यंत वर आली. हाताला वजनच लागलं नाही. मी ती हलवून पाहिली. आत काहीच नव्हतं.

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याचं दार उघडून फोरमनकाका कठड्यावरून वाकून बघत होते, बॅग आली का म्हणून.

मी बॅग उजव्या हातात धरली आणि एका बाजूला पार वाकून, एकेक पायरी मोजत, मधे मधे थांबत ती वर नेली.